एकदा जाऊन वेळेत परत आलात. आता ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा पुन्हा मागताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलीकडे तिचे आई-बाबा गेल्या वर्षी जाऊन आले. व्हिसा सहा महिन्यांचा होता. अर्जात मुक्काम आठ आठवडे लिहिला होता, प्रत्यक्षात ते मे ते सप्टेंबर असे पाच महिने राहिले आणि व्हिसाची मुदत संपायच्या आत परतले. आता मुलीला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे, त्यामुळे मार्चमध्ये परत जायचंय, शक्यतो पूर्ण सहा महिने. तिचं विचारणं असं, की एकदा नियम पाळून परत आल्यावर दुसरा व्हिसा आपोआप सोपा होतो का, कागदपत्रं पुन्हा सगळी लागतात का, आणि या वेळी थेट पाच किंवा दहा वर्षांचाच मागावा का.

आधी थेट उत्तर देतो. अर्ज जरूर करा, मागची वारी आई-बाबांच्या बाजूनेच बोलेल. पण कागदपत्रं सगळी ताजी लागतील, बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) पुन्हा द्यावं लागेल आणि निर्णयही अगदी पहिल्यापासून होईल. सहा महिने राहण्याचा बेतच बदला, मुक्काम कमी करा, हे माझं स्पष्ट मत. आणि पाच-दहा वर्षांचा व्हिसा या वेळी तर नकोच.

आता कारणं. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत पाहुण्यांसाठी ‘अपेंडिक्स व्ही’ हा वेगळा भाग आहे. अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातल्या काही गोष्टी पटाव्या लागतात: मुक्काम संपला की माणूस परत जाईल, वारंवार किंवा लागोपाठच्या भेटी करत तो तिथेच राहू लागणार नाही, जाण्याचं कारण खरं आणि परवानगीतलं आहे, तिथे नोकरी किंवा मनाई असलेलं दुसरं काही करणार नाही, आणि खर्चाला पुरेसा पैसा आहे. वेळेत संपलेली मागची सहल यातल्या पहिल्या मुद्द्याचा चांगला पुरावा आहे. पैसा, कारण, काम याबद्दल ती जवळपास काहीच सांगत नाही. आणि दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे लागोपाठच्या भेटींवर, तीच सहल तुमच्या विरोधात मोजली जाऊ शकते. ‘ट्रॅव्हल हिस्टरी चांगली आहे, आता काय काळजी’ असं म्हणणारे नेमके इथे फसतात.

शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अनुभवावरून ब्रिटनचा अंदाज बांधणारेही बरेच भेटतात. युरोपियन कमिशनने १८ एप्रिल २०२४ रोजी भारतीयांसाठी पायऱ्याच ठरवून दिल्या: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री (अनेकदा ये-जा करता येणारा) व्हिसा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. ब्रिटनच्या नियमांत अशी शिडी नाही. तिथे दहाव्यांदा जाणाऱ्यालाही पहिल्यांदा जाणाऱ्याचीच कसोटी लागते. फरक एवढाच की त्याच्याबद्दल अधिकाऱ्यासमोर जास्त माहिती असते.

या जास्त माहितीत सगळ्यात महत्त्वाचा असतो मागचा अर्ज. पहिल्या वेळी तुम्ही जे लिहिलं ते सगळं त्यांच्याकडे आहे: मुक्काम किती, खर्च कोण करणार, पेन्शन किती, घरी कोण कोण आहे. नवा अर्ज त्याच्या शेजारी ठेवून वाचला जाईल असं धरूनच भरायचा. म्हणून पहिलं काम, जुन्या फॉर्मची पीडीएफ शोधून काढा. अर्ज सबमिट करताना ती डाउनलोड करता येते आणि बहुतेकांच्या ईमेलमध्ये कुठेतरी पडलेली असते. फॉर्म एजंटने भरला असेल तर त्याच्याकडून मागून घ्या, तो तुमचाच कागद आहे. कुठेच सापडला नाही तर ब्रिटनच्या होम ऑफिसकडे (गृहखात्याकडे) ‘सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट’ करून स्वतःची नोंद मागवता येते. त्याला फी नाही, पण उत्तराला साधारण महिनाभर धरून चाला.

तुमच्या प्रकरणात जुना फॉर्म समोर ठेवला की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती आठ आठवडे विरुद्ध पाच महिने. यात नियमभंग झालेला नाही. व्हिसा सहा महिन्यांचा होता, मुदतीच्या आत परतले, विषय संपला, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण व्हिसा अधिकाऱ्यांसाठी होम ऑफिसने जी मार्गदर्शक सूचना काढली आहे तिच्यात नेमका हाच मुद्दा आहे: मागच्या भेटी किती काळाच्या होत्या आणि आधी सांगितलेल्यापेक्षा त्या बऱ्याच लांबल्या का, हे पाहा. लांबल्या म्हणून माणूस खोटा आहे असं लगेच गृहीत धरू नका, पण त्याच्या एकूण हेतूबद्दल प्रश्न विचारायला ते कारण होऊ शकतं. मी पाहिलेल्या दुसऱ्या वेळच्या नकारांमध्ये हे कारण वारंवार येतं, आणि अर्जदाराला ते पूर्णपणे अनपेक्षित असतं.

असं का घडतं तेही ओळखीचं आहे. पहिल्या वेळी कुणीतरी सांगतं, ‘कमी लिही, व्हिसा लवकर मिळतो.’ मुलगा किंवा मुलगी फॉर्म भरते, आई-बाबांना त्यातला आकडा माहीतही नसतो. व्हिसा सहा महिन्यांचा येतो, कारण साधा व्हिजिटर व्हिसा मिळतो तो सहसा सहा महिन्यांचाच, मग मुक्काम दोन आठवड्यांचा लिहा की वीस. मग घरात ठरतं, मिळालाच आहे तर राहा की. त्या सल्ल्याची किंमत दुसऱ्या अर्जात मोजावी लागते.

उपाय एकच आहे: हा फरक अधिकाऱ्याने शोधून काढायच्या आत तुम्हीच सांगायचा. कव्हर लेटरमध्ये एक छोटा परिच्छेद पुरे. त्यात लिहा, की मागच्या अर्जात आम्ही आठ आठवड्यांचा मुक्काम कळवला होता, प्रत्यक्षात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत राहिलो, लांबण्याचं कारण हे, आणि व्हिसाची मुदत तमुक तारखेला संपत होती त्याच्या इतके दिवस आधी परतलो. कारण जे खरं असेल तेच. तिकीट पुढे ढकललं असेल तर एअरलाइनची बदललेल्या तारखेची ईमेल जोडा. आजारपण असेल तर डॉक्टरचा कागद. नुसतंच ‘मुलीने आग्रह केला म्हणून राहिलो’ असेल तर तेही लिहा, त्यात लाज नाही. एक वाक्य मात्र मी पत्रांतून हमखास काढून टाकतो: ‘आम्ही निवृत्त आहोत, परतायची घाई नव्हती.’ हे प्रामाणिक आहे, पण अधिकाऱ्याच्या कानाला ते असं ऐकू येतं की या लोकांना मागे बोलावणारं काही नाहीच. त्याऐवजी ते परत आले ते कशासाठी, ते लिहा. घर, शेती, भाड्याने दिलेली जागा, दुसरी मुलं, वडिलांची वृद्ध आई, बँकेची आणि पेन्शनची कामं, जे काही खरोखर असेल ते.

परत आल्याचा पुरावाही जोडून ठेवा. ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. एप्रिल २०१५ पासून तिथे एक्झिट चेक आहेत, म्हणजे विमान कंपन्यांकडून प्रवाशांची माहिती सरकारकडे जाते आणि कोण कधी गेलं याची नोंद राहते. तरीही माझा आग्रह असतो की आपला पुरावा आपल्याकडे हवा. भारतात उतरल्याचा शिक्का असेल त्या पानाची प्रत, शिक्का नसेल तर बोर्डिंग पास किंवा ई-तिकीट. आणि परतल्यानंतरच्या महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ज्यात स्थानिक व्यवहार रोजच्या रोज दिसतात, ते तर आपोआपच साक्ष देतं.

पुढचा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न: लागोपाठ भेटी. ‘वर्षात सहा महिने राहता येतं’ असा एक समज घराघरांत पोचलेला आहे. तसा नियम नाही. बारा महिन्यांत जास्तीत जास्त किती राहावं याचा ठरावीक आकडा ब्रिटनने दिलेला नाही, एका भेटीला कमाल सहा महिने एवढंच आहे. पण आकडा नाही याचा अर्थ हिशेब होत नाही असा नव्हे. अधिकाऱ्याला सांगितलेलं आहे की गेल्या बारा महिन्यांत किती भेटी झाल्या, प्रत्येक भेट किती लांब होती, शेवटच्या भेटीनंतर किती काळ गेला, आणि या सगळ्यातून माणूस स्वतःच्या देशापेक्षा ब्रिटनमध्येच जास्त राहतोय का, हे पाहायचं.

तुमच्या आई-बाबांचं गणित करून पाहू. मे ते सप्टेंबर पाच महिने तिकडे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच महिने इकडे. मार्च ते ऑगस्ट सहा महिने पुन्हा तिकडे. म्हणजे सोळा महिन्यांपैकी अकरा ब्रिटनमध्ये आणि पाच आपल्या घरी. कागदावर हे मांडलं की घर नक्की कुठलं, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्यात ब्रिटनने ९ जुलै २०१२ पासून वृद्ध आई-वडिलांना कायमचं आणण्याचा मार्ग इतका अरुंद केलाय की त्यातून फार थोडे जातात. ज्यांना तो मार्ग मिळत नाही ते व्हिजिटर व्हिसावर येऊन-जाऊन राहतात, हे अधिकाऱ्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळे आई-वडील, लांब मुक्काम आणि थोडं अंतर हे तिन्ही एकत्र दिसलं की त्यांचा हात थांबतो.

मग काय करायचं? मुक्काम कमी करा. बाळंतपणासाठी दहा-बारा आठवडे ही मागणी समजण्यासारखी असते, तिला सुरुवात आहे, शेवट आहे आणि मध्ये स्पष्ट कारण आहे. मार्चच्या सुरुवातीऐवजी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघता आलं तर दोन भेटींमधलं अंतर वाढतं, तेही चांगलं. दुसरा पर्याय म्हणजे आईने आधी जावं आणि बाबांनी शेवटचे तीन-चार आठवडे. एक जोडीदार मागे असणं हे परत येण्याचं भक्कम कारण असतं. पण खरंच तसं करणार असाल तरच लिहा. बाबा पंधरा दिवसांनी मागोमाग पोचले तर तिसऱ्या अर्जात तेच पुन्हा निस्तरावं लागेल. आणि या वेळी जेवढे आठवडे लिहाल तेवढेच राहा. दुसऱ्या फेरीतही लिहिलेलं आणि राहिलेलं जुळलं नाही तर पहिल्या वेळच्या खुलाशाला काही अर्थ उरत नाही.

सहा महिन्यांबद्दल आणखी एक गैरसमज जाता जाता दूर करतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर ती मुदत विमानतळावर उतरल्या दिवसापासून मोजत नाहीत. व्हिसावर सुरू आणि संपण्याच्या तारखा असतात, संपायच्या तारखेआधी बाहेर पडायचं. महिनाभर उशिरा गेलात तर तो महिना गेला. ‘सहा महिने म्हणजे उतरल्यापासून सहा’ असं समजून काही जण न कळत मुदतीबाहेर राहतात, आणि मग पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो. आतच मुदत वाढवून घेऊ, असंही मनात आणू नका, वैद्यकीय उपचारांसारखे मोजके अपवाद सोडले तर साध्या पाहुण्याला सहा महिन्यांपलीकडे वाढ मिळत नाही.

आता बाळ. कव्हर लेटरमध्ये बाळंतपणाचा उल्लेख करावा की लपवावा, हा प्रश्न मला अनेक जण दबक्या आवाजात विचारतात. लपवू नका. फक्त काय करायला जातोय हे नेमकं लिहा. कुटुंबातल्या माणसाने मुलाची देखभाल करायला येणं हे सूचनांमध्ये चालतं, अट अशी की भेट थोड्या काळाची हवी आणि ते पगारी आयाचं काम होता कामा नये. म्हणून बाळाच्या जन्माच्या वेळी मुलीजवळ राहणं, तिला घरात हातभार लावणं, नातवंडाबरोबर काही आठवडे घालवणं, हे सगळं बसतं. न बसणारी गोष्ट कोणती? ‘माझी मॅटर्निटी लीव्ह संपली की मी कामावर जाईन आणि आई बाळाला सांभाळेल, पाळणाघराचा खर्च वाचेल.’ हे पत्रात लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, मुलीने अगदी सरळ मनाने लिहिलं होतं. सहा महिन्यांची मागणी नेमकी हाच संशय जागा करते, कारण जन्मासाठी यायला सहा महिने लागत नाहीत. डिलिव्हरीची अपेक्षित तारीख असलेलं हॉस्पिटलचं किंवा मिडवाइफचं पत्र जोडा. त्या एका कागदाने प्रवासाच्या तारखा आपोआप पटतात.

कागदपत्रं. ‘मागच्या वेळी दिली होती’ म्हणून एकही गाळू नका, आणि मागची फाइल तशीच झेरॉक्स करून लावूही नका. वर्षापेक्षा जुनी बँकेची कागदपत्रं त्यांना नकोच असतात. आई-बाबांचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचा पुरावा, आयकर विवरणपत्र भरत असतील तर ते, भाडं किंवा शेतीचं उत्पन्न असेल तर त्याचे कागद. शिल्लक किती हवी याचा ठरावीक आकडा ब्रिटनने दिलेला नाही. पाहतात ते असं, की पैसा येतो कुठून, आणि खर्चाचा आकडा त्या पैशाला साजेसा आहे का. अर्जाच्या आधी आठवड्यात खात्यात अचानक पाच लाख पडलेले दिसले तर ते नसते तर बरं, असं म्हणायची वेळ येते. एफडी मोडली असेल, जमीन विकली असेल, मुलाने पाठवले असतील, तर त्याचा कागद त्या नोंदीशेजारी हवा.

मागच्या सहलीच्या खर्चाचाही एक धागा इथे असतो. मागच्या अर्जात ‘प्रवासखर्च आम्ही करू’ लिहिलं असेल आणि तिकीट तुमच्या कार्डवरून काढलं असेल, तर या वेळी जे खरं आहे ते लिहा. मुलीने खर्च करणं पूर्ण मान्य आहे. नातं खरं हवं, मुलगी तिथे कायदेशीर राहत असावी, आणि तिला तो भार झेपत असावा. तुमचं पत्र, तुमचा इमिग्रेशन स्टेटस, पगाराच्या स्लिप, बँक स्टेटमेंट आणि घरात त्यांना राहायला जागा आहे हे दाखवणारा भाडेकरार किंवा घराचे कागद, एवढं पुरतं.

आणि काय देऊ नये? विमानाचं बुकिंग, हॉटेलचं बुकिंग, प्रवास विमा, फोटो, नोटरीची प्रमाणपत्रं, स्पॉन्सरची, म्हणजे खर्च करणाऱ्या मुलीची, लाइट-गॅसची बिलं आणि कौन्सिल टॅक्सचं (तिथल्या स्थानिक कराचं) बिल. होम ऑफिसने स्वतःच ही यादी ‘पाठवू नका’ म्हणून दिली आहे, तरी लोक जाड फाइल लावण्यात समाधान मानतात. जाड फाइलमध्ये महत्त्वाचा कागद हरवतो. व्हिसा हातात यायच्या आत तिकीट काढूही नका. मराठीत असलेला प्रत्येक कागद, सातबारा असो की सोसायटीचं पत्र, इंग्रजी भाषांतरासह द्यावा लागतो. भाषांतर अचूक असल्याचं भाषांतरकाराने लिहून दिलेलं असावं, खाली तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा.

फॉर्ममध्ये दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांचे पाय घसरतात अशा जागा मोजक्याच आहेत. ब्रिटनमधल्या मागच्या प्रवासाच्या तारखा अंदाजाने भरू नका, पासपोर्ट उघडून भरा. मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल तर जुना पासपोर्टही द्या, मागचा व्हिसा त्यात आहे. कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारला का, या प्रश्नाला ‘कधी’ म्हणजे खरंच कधीही असं समजून उत्तर द्या. अमेरिकेचा जुना नकार ‘त्याला पंधरा वर्षं झाली’ म्हणून गाळणारे आहेत. जुना नकार सहसा आड येत नाही, लपवलेला येतो. खोटी माहिती किंवा खोटा कागद दिल्याचं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. ‘एजंटने भरलं होतं, आम्हाला माहीत नाही’ हे ऐकून घेतलं जाईल या भरवशावर राहू नका. म्हणून सबमिट करण्यापूर्वी आई-बाबांना पूर्ण फॉर्म मराठीत वाचून दाखवा. अधूनमधून अधिकारी अर्जदाराला फोनही करतात, आणि तेव्हा बाबांना स्वतःचा मुक्काम किती आठवड्यांचा आहे हे सांगता आलं पाहिजे.

फॉर्ममध्ये तिथल्या उपचारांबद्दलही विचारतात, आणि आई-वडिलांच्या बाबतीत हा मुद्दा मी कधी सोडत नाही. मागच्या पाच महिन्यांत बाबांना काही झालं होतं का? जीपीला (तिथल्या फॅमिली डॉक्टरला) दाखवणं आणि अपघात विभागातली तातडीची तपासणी पाहुण्यांनाही मोफत असते. पण तिथून वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू होतं, आणि परदेशी पाहुण्याला ते एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) ठरलेल्या दराच्या दीडपट लागतं. ५०० पौंड किंवा जास्त रकमेचं बिल थकलेलं असेल तर त्या कारणावरून व्हिसा नाकारला जाऊ शकतो. कित्येकदा बिल परतल्यानंतर मुलीच्या पत्त्यावर येतं आणि पाकिटांच्या ढिगात राहतं. अर्जापूर्वी तपासा, भरलं असेल तर पावती जोडा. प्रवास विमा अर्जासोबत द्यायचा नाही म्हटलं, पण काढायचा नक्की, तो या बिलासाठीच.

लांब मुदतीच्या व्हिसाबद्दल. दोन, पाच आणि दहा वर्षांचे व्हिसा आहेत, पण त्यातही एका भेटीला कमाल सहा महिनेच. ९ एप्रिल २०२५ पासूनच्या दरपत्रकात सहा महिन्यांच्या व्हिसाची फी १२७ पौंड, दोन वर्षांची ४७५, पाचची ८४८ आणि दहाची १,०५९ होती. दर बदलत असतात, भरताना सरकारी संकेतस्थळावरच पाहा. त्याच दरांनी गणित करा: दर वर्षी एकदाच जायचं असेल तर पाच वर्षांत सहा महिन्यांचे पाच व्हिसा ६३५ पौंडांत होतात, पाच वर्षांचा एक व्हिसा त्याहून महाग पडतो. दोन वर्षांचा तर पैशांच्या हिशेबाने क्वचितच परवडतो. दहा वर्षांचा मात्र दर वर्षी जाणाऱ्याला स्वस्त पडतो आणि दर वेळची धावपळ वाचते. पण लांब व्हिसा मागताना वारंवार जाण्याचं टिकाऊ कारण आणि घरची स्थिर परिस्थिती दाखवावी लागते. अधिकाऱ्याने कमी मुदतीचा दिला तर उरलेली फी परत मिळत नाही, नकार दिला तरी नाही. मुक्कामाचा खुलासा द्यायचा असताना त्याच अर्जात दहा वर्षं मागणं म्हणजे संशयाला स्वतःहून जागा करून देणं. या वेळी सहा महिन्यांचा घ्या, लिहिल्याप्रमाणे दहा-बारा आठवड्यांत परत या. मग दोन भेटींचा स्वच्छ इतिहास आणि बाळाच्या रूपाने दर वर्षी जायचं कारण, दोन्ही हाताशी असेल, तेव्हा लांब व्हिसाचा विचार करा.

वेळेचं सांगायचं तर प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच अर्ज करता येतो, त्याहून लवकर नाही. बायोमेट्रिक दिल्यापासून निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात, सुट्ट्यांच्या हंगामात जास्तही लागतात. जास्त पैसे भरून लवकर निर्णय मिळवण्याची सोय असते, पण त्याने फक्त रांग पुढे सरकते, निकाल बदलत नाही. व्हीएफएसच्या (अर्ज आणि बायोमेट्रिक स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या) काउंटरवरचा माणूस निर्णय घेत नाही, त्यामुळे ‘त्यांनी कागद पाहून ठीक आहे म्हटलं’ याला वजन देऊ नका.

आणि नकार आलाच तर. २५ जून २०१३ पासून कुटुंबाला भेटायला जाणाऱ्यांचाही साधा अपीलाचा हक्क गेला आहे. व्यवहारात नव्याने अर्ज करणं हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी थांबण्याची सक्ती नसते. पण दुसऱ्याच दिवशी तीच फाइल परत लावू नका. नकाराच्या पत्रात प्रत्येक मुद्दा लिहिलेला असतो. त्यातल्या एकेका वाक्यासमोर आपल्याकडे नवा कागद काय आहे ते लिहून काढा. एखाद्या वाक्यासमोर काहीच नसेल तर ते येईपर्यंत थांबणं स्वस्त पडतं. एप्रिलची तारीख गाठायची असल्याने तुमच्याकडे नकारानंतर पुन्हा अर्ज करायला फारसा वेळ उरणार नाही, म्हणून हाच अर्ज नीट लावा.

व्हिसा मिळाल्यावर प्रवासात आईच्या हातातल्या बॅगेत कव्हर लेटरची प्रत, तुमचा पत्ता, फोन आणि परतीचं तिकीट असू द्या, सामानात टाकलेल्या बॅगेत नको. विमानतळावरचा अधिकारी ‘किती दिवस राहणार’ विचारेल. अर्जात दहा आठवडे लिहिले असतील तर उत्तर दहा आठवडे. ‘व्हिसा आहे तोपर्यंत’ हे उत्तर देऊ नये, एवढं दोघांनाही निघण्यापूर्वी सांगून ठेवा.